विंग, फ्लॅट, पावत्या: खिडकी जोडण्याआधी

मुलुंडच्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब मॅकवर आणायचा, तोही ३० सप्टेंबरच्या आत, म्हणजे वार्षिक सभेआधी, असं ठरलं असेल तर इंटरफेस बिल्डर (एक्सकोडमधलं खिडक्या आखायचं साधन) उघडण्यापूर्वी कागद-पेन घ्या. डेटा कोअर डेटात (अ‍ॅपलची डेटा साठवायची चौकट) ठेवायचा आणि बाइंडिंग्जने (पडद्यावरचा रकाना डेटाला थेट बांधायची सोय) खिडकीला जोडायचा आहे. विंगेत फ्लॅट, फ्लॅटच्या पावत्या, ही उतरंड काढा. प्रत्येक नात्याला उलटं नातं हवंच. पावतीला आपला फ्लॅट कळला पाहिजे. डिलीट रूलही (एक नोंद पुसली की तिला जोडलेल्यांचं काय, तो नियम) आत्ताच ठरवा. फ्लॅटबरोबर त्याच्या पावत्या उडाल्या तर ऑडिटर गप्प बसणार नाही, तेव्हा तिथे कॅस्केड (जोडलेलंही पुसा) नको, डिनाय (पावत्या असेपर्यंत फ्लॅट पुसू देऊ नका) ठेवा.

मग पातळीगणिक एक अ‍ॅरे कंट्रोलर. नोंदींची यादी आणि त्यातली निवड तो सांभाळतो. खरी मेख इथेच आहे. तिघेही एन्टिटी मोडमध्ये (म्हणजे कोअर डेटातल्या नोंदींवर चालणारे), आणि तिघांनाही मॅनेज्ड ऑब्जेक्ट कॉन्टेक्स्ट (नोंदी जिथे उघडून बदलल्या जातात ती जागा) जोडलेला, नाहीतर 'अ‍ॅड' दाबताच एरर. 'प्रिपेअर्स कंटेंट'ची (नोंदी आपणहून आणण्याची) खूण मात्र विंगवाल्यालाच. फ्लॅटवाल्याचा 'कंटेंट सेट' (त्याच्या नोंदी कुठून येतात ते) विंगवाल्या कंट्रोलरला बांधायचा: कंट्रोलर की 'सिलेक्शन', की पाथ (गुणधर्मापर्यंतची वाट) 'फ्लॅट्स'. पावतीवाला तसाच फ्लॅटवाल्याच्या सिलेक्शनला. हे बांधायचं राहिलं आणि खालच्या कंट्रोलरवर 'प्रिपेअर्स कंटेंट'ची खूण चालू असली, की ए विंगवर क्लिक करा नाहीतर बी विंगवर, यादीत अख्खी सोसायटी!

टेबलच्या कॉलमला कंट्रोलरने क्रमाने लावलेली यादी, म्हणजे 'अ‍ॅरेंज्ड ऑब्जेक्ट्स' लागतं. कोअर डेटा साध्या 'टू मेनी' (एकाला अनेक) नात्यासाठी सेट देतं आणि सेटला क्रम नसतो. सॉर्ट डिस्क्रिप्टर (क्रम कशावरून लावायचा ते) द्या, नाहीतर ३०२ च्या खाली १०१ येईल आणि सेक्रेटरी काका तिथेच अडून बसतील.

थकबाकी पावत्यांवरून काढणार असाल तर जरा जपून. एक 'की' (गुणधर्म) दुसऱ्या कुठल्या कींवर अवलंबून आहे हे केव्हीओला (की-व्हॅल्यू ऑब्झर्व्हिंग, बदल कळवणारी यंत्रणा) सांगता येतं, पण 'टू मेनी' नात्यातून जाणारा की पाथ तिथे चालत नाही. पावतीची रक्कम बदलली की फ्लॅटला कळवायचा कोड स्वतःच लिहावा लागतो.

सेव्हच्या आधी 'कमिट एडिटिंग', कारण कर्सर अजून रकमेच्या रकान्यात असेल तर तो आकडा राहून जातो.

बाइंडिंग्ज मॅकच्या २००३ च्या पँथर आवृत्तीपासूनची, कोअर डेटा २००५ च्या टायगरपासूनचं. नाक मुरडणारे मुरडोत, अशा खिडकीला मला अजून हेच सोयीचं वाटतं. कमिटीला 'आयफोनवरही द्या' सुचण्याआधी सांगून ठेवा, ही बाइंडिंग्ज तिथे नाहीत.

चाचणीच्या डेटात एक विंग रिकामी ठेवा, एखादा फ्लॅट बिनपावतीचा. दोन फ्लॅट एकदम निवडूनही पाहा, म्हणजे 'नो सिलेक्शन' आणि 'मल्टिपल व्हॅल्यूज'च्या जागी मराठी मजकूर टाकायचा कुठे राहिलाय ते दिसेल.