स्नेहमेळाव्यात 'तू कोण गं?' विचारायची वेळ येऊ नये म्हणून

नाताळच्या सुट्टीत दहावीच्या बॅचचा मेळावा ठरतो, पण २५-३० वर्षांनी समोर आलेला चेहरा ओळखू येत नाही. मुलींची तर आडनावंही बदललेली असतात. यंदा आम्ही घरीच बिल्ले केले आणि पहिला अवघडलेला अर्धा तास वाचला.

१. ए-फोर आकाराच्या जाड कागदाचे आठ तुकडे करा.
२. वर ठळक अक्षरांत शाळेतलं नाव (मुलींचं माहेरचं) आणि तुकडी, '१० ब' अशी. खाली बारीक अक्षरांत आताचं नाव आणि गाव.
३. पिन नको. रेशमी साडीला कुणी टोचून घेत नाही, आणि संध्याकाळी गारठा वाढला की शाल-स्वेटरखाली बिल्ला झाकला जातो. भोक पाडून लोकरीचा धागा ओवा, बिल्ला सगळ्यांत वर गळ्यात राहतो.
४. दारातल्या टेबलावर तुकडीवार मांडून ठेवा. उरलेल्या बिल्ल्यांवरून कोण यायचंय ते लगेच कळतं. त्यांना फोन करून मगच केटररला पानांचा आकडा सांगा.

शाळेतली चिडवायची नावं मात्र बिल्ल्यावर अजिबात लिहू नका. काहींना ती अजून लागतात.