टीका लिहिताना जाणकारी नेमकी कुठे लागते

‘आधी स्वतः करून दाखवा, मग बोला’ या उत्तराखाली पुष्कळ खऱ्या चुका दडपल्या जातात. विषय न समजता केलेली टीकाही तितकीच अन्यायाची. म्हणून प्रश्न माणसाला नाही, त्याच्या एकेका वाक्याला विचारावा: हे म्हणायला काय माहीत असावं लागतं?

मसुदा झाला की प्रत्येक विधान वेगळ्या ओळीवर घ्या. ‘दार नीट लागत नाही’ हे दार ओढणारा कोणीही सांगू शकतो. फक्त फट कुठे, किती मिलिमीटर, दहापैकी किती वेळा अडकतं, हे मोजून लिहा. ‘लाकूड ओलं होतं म्हणून लागत नाही’ हे मात्र कारण झालं, आणि इथे सुतारकाम कळावं लागतं. दार दमट हवेने फुगतं, बिजागरी सैल झाली की खाली उतरतं, कधी चौकटच गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसते; लक्षण एकच. उपाय सुचवायला तर सगळ्यात जास्त जाणकारी हवी. दमट दिवसांत रंधा मारून बसवलेल्या दाराला कोरड्या हवेत फट पडते.

नवखा टीकाकार बहुधा कारणात चुकतो. काम करणारा तेवढंच खोडून काढतो आणि रास्त तक्रारही सोबत वाया जाते. म्हणून तक्रार आणि कारण एका वाक्यात बांधू नका. हेतूबद्दलची वाक्यं, ‘पैसे वाचवायला केलं’ सारखी, पुरावा नसेल तर सरळ काढून टाका.

आकड्यांचा ताळा बाहेरच्यालाही घेता येतो. २० जणांना १ ते ५ मधला पूर्ण अंक निवडायला सांगितला, तर सरासरी ०.०५ च्या पटीतच येईल; ३.४७ येणार नाही. पण घाई नको. एकाने उत्तर दिलं नसेल तर १९ जणांची बेरीज ६६ होऊन ३.४७ येतेच. आधी नेमके किती जण मोजले ते विचारा. शंभर किंवा जास्त जण असतील तर दोन दशांश स्थळांवर हा ताळा काहीच पकडत नाही.

ताळ्यापुढचं गणित झेपत नसेल तर तेवढ्यापुरता जाणकार गाठा. सकारात्मक आणि नकारात्मक भावनांचं २.९०१३ हे प्रमाण ओलांडलं की माणूस बहरतो, असा दावा २००५ मध्ये एका मानसशास्त्रीय नियतकालिकात आला होता. त्यातल्या समीकरणांवर निक ब्राउन यांना शंका आली, तेव्हा ते मानसशास्त्राचे अर्धवेळ विद्यार्थी होते. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल आणि मानसशास्त्रज्ञ हॅरिस फ्रीडमन यांना सोबत घेतलं. २०१३ मध्ये तिघांची टीका छापून आली आणि मूळ लेखातला गणिती भाग मागे घेतला गेला.

जाणकाराला ‘माझं बरोबर आहे ना?’ असं विचारलं तर तो संकोचाने हो म्हणतो. ‘असं दिसायला आणखी कोणती कारणं असू शकतात?’ असं विचारा. त्याने तीन सांगितली आणि तुम्हाला त्यातली दोन तपासता आली नाहीत, तर कारणाचं वाक्य प्रश्न म्हणूनच छापा.