नव्याने बांधलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लगेच बिघडला? उतरवण्याआधी या चुका टाळा

काम करून आणलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पहिल्या महिन्यातच स्लिप मारायला लागला (इंजिन फिरतं, पण गाडी ओढत नाही), की ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईच्या तुर्भ्यापर्यंत कुठल्याही गॅरेजमध्ये जा, एकच वाक्य कानावर पडतं: "उतरवून बघावा लागेल." उतरवायला हरकत नाही, पण जरा थांबा. गिअरबॉक्स गाडीतून निघाला की तेल वाहून जातं, दाब मोजता येत नाही, स्कॅनरला काही वाचता येत नाही. हातात उरतात आतल्या क्लचच्या जळालेल्या प्लेटा (ऑटोमॅटिकमध्ये असे क्लच अनेक असतात). प्लेटा जळल्यात हे तर गाडी स्लिप मारत होती तेव्हाच कळलं होतं. त्या का जळल्या, हे बहुतेक वेळा बॉक्स गाडीत असतानाच सापडतं. हे न शोधता दुसऱ्यांदा किट टाकलं, तर तिसऱ्यांदाही टाकावं लागतं.

इथे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सबद्दल आहे, म्हणजे इंजिनची ताकद तेलामार्फत बॉक्सला देणारा कन्व्हर्टर ज्यात असतो तो. एएमटी ही मुळात मॅन्युअल पेटीच, वर क्लच आणि गिअर हलवणारी यंत्रणा बसवलेली. सीव्हीटी आणि ड्युअल क्लचचे आजार वेगळे, त्यांचं तेलही वेगळं. आपल्या गाडीत नेमकं काय आहे हे मालकालाच माहीत नसतं, असं बरेचदा होतं. म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

बिघाड कधी सुरू झाला ते लिहून ठेवा

"चालत नाही" एवढं सांगून भागत नाही. पहिल्या दिवशी गाडी जागची हललीच नाही, तर संशय तेलाच्या पंपावर, फिल्टरच्या सीलवर, लिव्हरच्या केबलवर, किंवा तेल पुरेसं भरलं नाही यावर. सकाळी थंड असताना झकास आणि अर्ध्या तासाने गरम झाल्यावर स्लिप, तर आतून दाब गळतोय. तापलेलं तेल पातळ होतं आणि चिरलेल्या सीलमधून, झिजलेल्या बुशमधून किंवा व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेलाचा दाब क्लचना वाटणाऱ्या भागाच्या) रुंदावलेल्या भोकांतून पळतं. दोन-तीन आठवडे नीट चालून मग हळूहळू बिघडत गेला, तर कूलर, कन्व्हर्टर किंवा चुकीचं तेल. प्रत्येक वेळी असंच होईल असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून ठरतं.

आणि स्लिप मारणारी गाडी "हळूहळू नेतो" म्हणत मुंब्रा बायपास चढवू नका. एका क्लचपुरता असलेला बिघाड चढावर आख्ख्या बॉक्सभर होतो. गाडी फ्लॅटबेडवर घालून न्या, चारही चाकं वर.

तेल: पातळी आणि प्रकार

सर्वांत स्वस्त चूक हीच, आणि सर्वांत जास्त वेळा होणारीही. साध्या ऑइल चेंजला चेंबरमधून (बॉक्सच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातून) तीन-चार लिटर तेल निघतं. पण ओव्हरहॉलिंगनंतर बॉक्स, कन्व्हर्टर, कूलर, पाइप सगळं कोरडं असतं, आणि सहा स्पीडच्या बऱ्याच बॉक्सना एकूण सात ते दहा लिटर लागतं. "निघालं तेवढं भरलं" या हिशेबाने भरलेला बॉक्स अर्धपोटी चालतो. इंजिन चालू करून, आयडलवर लिव्हर पी पासून खालपर्यंत प्रत्येक जागी थोडा थांबवत फिरवून मगच पातळी बघायची.

जास्त भरणंही तितकंच वाईट. फिरणारे भाग तेल घुसळतात, फेस होतो, फेसाला दाब येत नाही आणि क्लच स्लिप होतो. कमी तेलात पंप हवा ओढतो, तेव्हाही फेसच. लक्षण सारखंच, म्हणून आणखी तेल ओतायच्या आधी पातळी तपासा.

डिपस्टिक नसलेल्या बॉक्समध्ये इंजिन आयडलवर ठेवून ओव्हरफ्लो बोल्टमधून पातळी बघतात, तीही ठरावीक तापमानाला. बऱ्याच मॉडेलना हे साधारण ३५ ते ४५ अंशांच्या आसपास येतं, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघावा. आता मे महिन्याच्या दुपारी गाडी माजिवड्याच्या जाममधून गॅरेजला आली, तर तेल या आकड्याच्या कितीतरी वर गेलेलं असतं. फुगलेलं तेल बोल्टमधून बाहेर येतं, मेकॅनिक म्हणतो "फुल आहे", आणि तेल निवल्यावर ते कमी असतं. गाडी रात्रभर ठेवून घ्या आणि सकाळी स्कॅनरवर तेलाचं तापमान बघत पातळी लावा.

प्रकाराबद्दल फार लिहीत नाही. "सगळ्या ऑटोला चालतं" म्हणणाऱ्या डब्यावर विसंबू नका. टोयोटाचं डब्ल्यूएस आणि जुनं टी-४ एकाच कंपनीची, तरी एकमेकांच्या जागी घालायची नाहीत.

कूलर: जुन्या बॉक्सचा कचरा नव्यात

जुना बॉक्स मेला तेव्हा त्याच्या प्लेटांचा भुगा आणि धातूचे कण तेलाबरोबर फिरत होते. ते कूलरच्या बारीक जाळीत जाऊन बसले. नवा बॉक्स बसला, गरम तेल धावायला लागलं, आणि तोच कचरा सुटून नव्या व्हॉल्व्ह बॉडीत आला. एखादा व्हॉल्व्ह अडकायला तेवढं पुरतं. उलट बाजूने, कचऱ्याने कूलर तुंबला तर तेल तापतं आणि परतीच्या वाटेवर ज्या भागांना वंगण मिळायला हवं त्यांना ते मिळत नाही.

"पेट्रोल मारून हवा मारली" म्हणजे कूलर धुतला असं नाही. आधी उलट्या दिशेने, मग सुलट, फ्लश मशीनने, बाहेर येणारं तेल स्वच्छ दिसेपर्यंत धुवावा. जुन्या बॉक्समध्ये धातूचे कण भरपूर निघाले असतील, तर माझ्या मते कूलर धुत बसू नये, बदलावा. इथे वाचवलेले पैसे पुढे कितीतरी पटीने जातात.

गाडीत करायची तपासणी सोपी आहे. परतीचा पाइप काढून मापाच्या बाटलीत सोडा आणि तेल गरम असताना आयडलवर धार बघा. ढोबळ मापाने अर्ध्या मिनिटाच्या आत एक लिटर यायला हवं. धार बारीक असेल किंवा बुडबुडे येत असतील, तर इंजिन बंद. काही गाड्यांत लाइनवर थर्मोस्टॅट असतो, तो थंड असताना धार मुद्दामच कमी ठेवतो. म्हणून तेल तापलं आहे याची खात्री करून घ्या. आणि तेल कमी होऊ देऊ नका, पंप कोरडा चालेल.

दुसरी गोष्ट आपल्या पावसाची. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं, तर त्यात पाणी किंवा कूलंट आहे. रेडिएटरमधला कूलर आतून फुटला की कूलंट तेलात येतं. साचलेल्या पाण्यात गाडी बुडाली असेल, तर ब्रीदरमधूनही (बॉक्सच्या हवा ये-जा करायच्या भोकातूनही) पाणी जातं. फ्रिक्शन प्लेटचं अस्तर कागदी जातीचं असतं, गोंदाने स्टीलवर चिकटवलेलं. पाणी आणि कूलंटमधलं ग्लायकॉल ते सोडवतात. अशा गाडीत रेडिएटर न बदलता फक्त बॉक्स बांधला, तर नव्या प्लेटाही सुटणार, कितीही चांगल्या कंपनीच्या असोत.

कन्व्हर्टर

कन्व्हर्टर बॉक्सवर चढवताना तो पंपात पूर्ण बसायला हवा. फिरवत आत ढकलला की टप्प्याटप्प्याने दोन-तीनदा 'खट्' लागतो. मग बॉक्स इंजिनला जोडल्यावर, कन्व्हर्टरचे बोल्ट लावण्याआधी, तो मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनच्या बाजूच्या फिरत्या चकतीपासून) थोडं अंतर राहिलं पाहिजे, बहुतेक गाड्यांत तीन ते पाच मिलिमीटर. अंतर नसेल आणि बेलहाउसिंगचे (इंजिनला जोडणाऱ्या बॉक्सच्या तोंडाचे) बोल्ट आवळून "ओढून" घेतला, तर पंपाचे कान तुटतात. गाडी पहिल्याच दिवशी हलत नाही त्याचं हे ठरलेलं कारण.

जुनाच कन्व्हर्टर पुसून परत लावणं ही दुसरी चूक. तो कापून उघडून, साफ करून, लॉक-अपचं (एकसारख्या वेगात इंजिन आणि बॉक्स थेट जखडणाऱ्या आतल्या क्लचचं) नवं अस्तर लावल्याशिवाय आतला गाळ जात नाही. लॉक-अपचा दोष ओळखायला पाम बीच रोडवर पहाटे, रस्ता मोकळा असताना, एकसारखा वेग धरा. हलक्या एक्सिलरेटरवर गाडी रेल्वेच्या सांध्यांवरून गेल्यासारखी थरथरली, तर एक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल जेमतेम स्पर्श करा, ब्रेक लाइट लागण्यापुरतं. लॉक-अप सुटून थरथर गेली, तर संशय कन्व्हर्टरवर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हवर). पण आधी इंजिनचं मिसफायर नाही ना, ते बघा. प्लग किंवा कॉइलचा दोष हुबेहूब असाच जाणवतो, आणि निष्पाप बॉक्स उतरतो.

स्कॅनर लावून कोड पुसू नका

कोड न टिपता पुसणं म्हणजे पुरावा पुसणं. पी ०७०० हा कोड एवढंच सांगतो की ट्रान्समिशनच्या कंट्रोलरमध्ये काहीतरी नोंद आहे, म्हणून त्या कंट्रोलरचे कोड वेगळे वाचावे लागतात. पी ०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी ०७४१ लॉक-अपचा. कोडबरोबरचा फ्रीझ फ्रेमही टिपा: वेग, तापमान, गिअर.

गाडी एकाच गिअरला चिकटली, तर क्लच जळालाच असं नाही. लिंप मोडमध्ये, म्हणजे दोष दिसल्यावर कंट्रोलर बॉक्सला वाचवायला एकाच गिअरवर धरतो तेव्हा, ती असंच करते. इंजिन-बॉडीची अर्थिंगची पट्टी बसवायची राहिली, कनेक्टरची पिन वाकली, बॅटरी ढिली, एवढ्यानेही होतं.

ॲडाप्टेशन रीसेट न करणंही फार आढळतं. जुन्या झिजलेल्या क्लचसाठी कंट्रोलरने शिकलेले दाब तसेच राहतात आणि नव्या प्लेटांवर गाडी झटके मारते. रीसेट करून कंपनीच्या पद्धतीने पुन्हा शिकवायचं. त्यासाठी मोकळा रस्ता लागतो. संध्याकाळच्या घोडबंदरवर हे होत नाही.

दाब मोजा

गॅरेजमध्ये २० बारपर्यंतचा प्रेशर गेज नसेल, तर तिथे रिबिल्ड केलेल्या बॉक्सचं निदान करू नये, हे माझं ठाम मत. ज्या बॉक्सला टेस्ट प्लग आहे त्याला गेज लावून गरम तेलावर प्रत्येक गिअरमध्ये वाचन घ्या. सगळीकडे दाब कमी, तर पंप, फिल्टर किंवा प्रेशर रेग्युलेटर. लाइन प्रेशर चांगला पण एकाच गिअरमध्ये पडतो, तर त्या क्लचचा मार्ग गळतो: ओठ दुमडलेलं सील, तुटलेली रिंग, झिजलेला ड्रम. दाब सगळीकडे चांगला आणि तरी स्लिप, तर प्लेटांमधल्या फटीचं माप चुकलं, प्लेट कमी पडली, किंवा प्लेटा एटीएफमध्ये (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात) न भिजवता कोरड्याच बसवल्या.

स्टॉल टेस्टचा (ब्रेक दाबून धरून, गिअरमध्ये एक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिनचे फेरे बघण्याचा) मोह आवरा. स्लिप दिसतेच आहे, तर मुद्दाम जाळून काय मिळवायचं? करायचीच झाली तर पाच सेकंदांच्या वर नाही, चाकांना ठोकळे लावून, समोर कोणी उभं नसताना.

यानंतर चेंबर उघडा. मॅग्नेटवर करड्या रंगाची बारीक पेस्ट चालते. काळ्या-तपकिरी चकत्या म्हणजे क्लचचं अस्तर, पिवळसर तांब्यासारखे कण म्हणजे बुश किंवा वॉशर, चकचकीत ॲल्युमिनियम म्हणजे पंप किंवा केसिंग. सिलिकॉन पेस्टच्या गोळ्या किंवा दोऱ्या सापडल्या, तर फिल्टर कशाने तुंबला ते कळलं. बेअरिंगचं जाड ग्रीस जोडणीत वापरलेलं दिसलं तरी तेच, कारण ते एटीएफमध्ये विरघळत नाही आणि बारीक भोकं बुजवतं. जोडणीला साधं व्हॅसलिन पुरतं.

एवढं करून बॉक्स उतरलाच, तर निघालेलं तेल स्वच्छ बाटलीत ठेवा, चेंबरचे फोटो काढा, आणि प्लेटा क्रमाने मांडून कुठल्या क्लचच्या जळल्या ते लिहून घ्या. एकच क्लच काळा आणि बाकी नवे करकरीत असतील, तर त्याच क्लचच्या वाटेवरचं सील, रिंग आणि व्हॉल्व्ह बॉडी दाबाची हवा मारून तपासायला सांगा, आणि ते झालेलं उभं राहून बघा. वॉरंटीत काम होत असेल, तर कूलर, कन्व्हर्टर आणि व्हॉल्व्ह बॉडीचं काय केलं हे तिन्ही बिलावर वेगवेगळं लिहून घ्या. त्यातलं एक जरी "जुनंच लावलं" निघालं, तर गाडी ताब्यात घेण्याआधीच बोला.