आजीच्या पाटल्यांतून नवे दागिने घडवून घेताना

जुने सोने मोडून नवे दागिने करायचे ठरले की आपण आधी नक्षी पाहायला बसतो. वास्तविक पहिले काम तराजूचे आहे. घरात वर्षानुवर्षे ‘चार तोळ्यांच्या पाटल्या’ म्हटले जात असेल, तर तो तोळा कोणता, हे आधी पाहावे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, तर आज सराफबाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात, त्यामुळे त्याच पाटल्या कोणी ४० ग्रॅमच्या समजतो, तर कोणी साडेसेहेचाळीस ग्रॅमच्या. बोरमाळ किंवा वज्रटीक यांत लाख भरलेली असते. अशा डागाचे, म्हणजे दागिन्याचे, एकूण वजन हे सोन्याचे वजन नव्हे.

सर्वांत जास्त काळजी शुद्धतेची घ्यावी. जुन्या डागांवर बहुधा हॉलमार्क नसतो आणि क्ष-किरणांचे यंत्र मुख्यतः पृष्ठभागच तपासते. शिवाय सांध्यांवरचा डाख, म्हणजे जोड देणारा मिश्रधातू, कमी कसाचा असल्यामुळे, भरपूर सांधे असलेली साखळी आटवल्यावर तिचा कस उतरतो. म्हणून मोडण्यापूर्वी वजन करावे, खडे-मोती मोजून बाजूला ठेवावेत, सोने आपल्यासमोर मुशीत आटवून घ्यावे आणि तयार झालेल्या लगडीचे वजन व टंच (शुद्ध सोन्याचे टक्के) दोन्ही लिहून घ्यावेत. समजा, लगड ४० ग्रॅमची भरली आणि तिचा टंच ८४ टक्के निघाला, तर तिच्यात शुद्ध सोने ३३.६ ग्रॅम आहे, ९१.६ टक्के शुद्धतेच्या, म्हणजे २२ कॅरेटच्या हिशेबाने ते सुमारे ३६.७ ग्रॅम होते. हा हिशेब न मांडता ‘सरसकट इतके टक्के घट’ सांगणाऱ्याकडे सोने मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आजीचेच सोने नव्या डागात उतरावे अशी इच्छा असेल, तर ते आधीच सांगावे लागते, कारण मोडीच्या व्यवहारात आपली लगड दुकानाच्या साठ्यात जाते आणि नवा दागिना दुसऱ्याच सोन्याचा मिळतो. पैशाच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. प्रश्न भावनेचा आहे.

नव्या घडणीत हिरे बसवायचे असतील, तर १८ कॅरेट सोने अधिक कणखर असल्यामुळे खड्यांची पकड टिकते. पारंपरिक घडणीला २२ कॅरेट घ्यावे. दोन नातींसाठी दोन डाग करणे ठीक, पण चार-पाच जणींत वाटणी केली की प्रत्येकीच्या वाट्याला वाकणारा पत्रा येतो आणि घडणावळ (घडवण्याची मजुरी) मात्र प्रत्येक डागाची द्यावी लागते. ही घडणावळ टक्क्यांत ठरवली, तर सोन्याचा भाव चढला की कारागिराचे काम तेवढेच राहूनही मजुरी वाढते. म्हणून ती प्रतिग्रॅम रुपयांत ठरवून घेणे बरे. कारागिराची घट, म्हणजे घडवताना कमी होणारे सोने, तीत धरली आहे का, हेही विचारावे.

सगळेच मोडू नये. कोल्हापुरी साजाचे जाव (मणी) किंवा पुतळीमाळेच्या जुन्या पुतळ्या सुस्थितीत असतील, तर त्या पटवेकऱ्याकडून, म्हणजे दागिने गाठवणाऱ्याकडून, पुन्हा गाठवून घ्याव्यात. तशी घडण पुन्हा करून घेणे महागात पडते, शिवाय हात तोच नसतो.

दागिना ताब्यात घेताना बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, भिंगातून पाहून तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर पडताळावा, काढलेले खडे पुन्हा मोजावेत आणि उरलेल्या सोन्याचा तुकडा वजन करून मागून घ्यावा.