अँटेनावर सह्याद्री अडकत होतं, घोळ कनेक्टरमध्ये निघाला

मुंबईत गच्चीवरच्या अँटेनावर दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी लावली की चित्राचे चौकोन होऊन ते थिजायचं. ॲनालॉगच्या काळात मुंग्या आल्या तरी बातम्या ऐकू यायच्या; डिजिटलमध्ये सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की सगळंच ठप्प.

आधी टीव्हीत डीव्हीबी-टी२ ट्यूनर, म्हणजे अँटेनावरचं डिजिटल प्रक्षेपण पकडणारा भाग, आहे का ते बघा. नुसतं ‘डिजिटल’ लिहिलेलं पुरत नाही.

गच्चीवर यूएचएफ यागी (दांड्यावर काड्यांची रांग असलेली टीव्हीची अँटेना), काड्या आडव्या, तोंड दूरदर्शनच्या वरळीच्या मनोऱ्याकडे. मध्ये उंच इमारत असेल तर अँटेना थोडी सरकवून पाहा. 500 मेगाहर्ट्झला लहर 60 सेंटिमीटरची, त्यामुळे वीतभरानेही फरक पडतो.

खरा घोळ एफ-कनेक्टरमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या पिळाच्या जोडणीत होता: केबलच्या बाहेरच्या जाळीची केसाएवढी तार मधल्या तारेला टेकलेली, आणि तांबं हिरवं पडलेलं. खारी हवा, वर पावसाळा! आरजी-६ केबल (अँटेनाची नेहमीची गोल केबल) इंचभर छाटली, मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवून नवा कनेक्टर बसवला, वरून रबरी टेप ताणून गुंडाळली. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोल दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं.

सिग्नल वाढवणारा बूस्टर सर्वांत शेवटी. दादर-परळसारख्या मनोऱ्याजवळच्या भागात त्याने ट्यूनर उलट गुदमरतो. हे सगळं झाल्यावर टीव्हीवर ऑटो स्कॅन (वाहिन्यांचा आपोआप शोध) पुन्हा करायला विसरू नका.