जुन्या सोल तबकड्यांवरचा अनाम गिटारवादक ओळखताना या चुका टाळा

सोल या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतप्रकाराच्या तबकड्या काढणाऱ्या डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीने आपल्या साथीदार वादकांची नावे अल्बमच्या वेष्टणावर प्रथम छापली ती १९७१ साली, मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. तोवर रॉबर्ट व्हाइट, एडी विलिस आणि जो मेसिना यांची गिटार जगभर ऐकली गेली होती, पण ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ही नावे ठाऊक होती. म्हणून आज एखाद्या तबकडीवर कुणाचे नाव लावायचे, तर ते अतिशय जपून लावावे. चुकीचे नाव एकदा रूढ झाले की खऱ्या वादकाचे श्रेय दुसऱ्यांदा हिरावले जाते.

सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे लेबल, म्हणजे तबकडी काढणारी कंपनी, पाहून वादक ठरवणे. जॅकी विल्सन यांचे १९६७ सालचे ‘हायर अँड हायर’ ब्रन्सविक कंपनीचे आहे आणि ते शिकागोत ध्वनिमुद्रित झाले, तरी त्यावर वाजवणारे रॉबर्ट व्हाइट आणि त्यांचे काही सहकारी डेट्रॉइटहून, मोटाऊनबाहेरचे काम म्हणून तिथे आले होते. स्टुडिओचे गाव कळले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. अरेथा फ्रँकलिन यांचे ‘रिस्पेक्ट’ त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाले. गिटारवर मात्र अलाबामाचे जिमी जॉन्सन आणि मेम्फिसचे चिप्स मोमन होते. तेव्हा लेबल, गाव आणि त्या दिवशी खोलीत हजर असलेली माणसे या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात.

तबकडीवर छापलेल्या सालाने तर भलेभले चकतात, कारण ते साल प्रकाशनाचे असते. ऑक्टोबर १९६८मध्ये टेम्प्टेशन्स या गायकगटाचे ‘क्लाउड नाइन’ आले आणि त्यातल्या गिटारवादक डेनिस कॉफी यांच्या, स्वराची उघडझाप करणाऱ्या वाह-वाह पेडलने मोटाऊनचा नादच बदलला. त्याच महिन्यात मार्विन गे यांचे ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ही एकेरी तबकडी म्हणून निघाले. दोन्ही शेजारी ठेवून कॉफी यांना शोधू लागलो, तर आपण वाट चुकतो, कारण दुसरे गाणे १९६७च्या पूर्वार्धातच ध्वनिमुद्रित होऊन पडून राहिले होते.

गिटार एकच आहे असे धरून ऐकणे ही मला सर्वांत हानिकारक वाटणारी चूक आहे. मोटाऊनच्या गाण्यांत बहुधा दोन किंवा तीन गिटारी असतात आणि त्यांची कामे वाटलेली असतात. मेसिना बहुतेकदा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, स्नेअर ड्रमच्या ठोक्याला चिकटून, वरच्या तारांवर एक आखूड, तुटक आघात करतात; तो इतका मिसळून जातो की ड्रमचाच भाग वाटतो. व्हाइट यांच्याकडे भरीव स्वरसंगती असते, तर विलिस मधल्या रिकाम्या जागांत ब्लूजच्या वळणाचे छोटे तुकडे भरतात. ‘माय गर्ल’चा आरंभ मुद्दाम ऐकावा: आधी जेम्स जेमर्सन यांचा बास, आणि त्यावर व्हाइट यांचा चढत जाणारा सहा स्वरांचा तुकडा. सा रे ग प ध सा, म्हणजे थेट भूपाचा आरोह, आणि पुढे तोच तुकडा मध्यमाला षड्ज मानून पुन्हा येतो. हा तुकडा कानात पक्का बसला की तो बाजूला ठेवून उरलेल्या गिटारी शोधाव्यात. स्टिरिओ प्रत असेल, तर एका वेळी एकच बाजू चालू ठेवावी. एका फेरीत एकाच गिटारीचा माग काढावा. माझा तरी अनुभव असा आहे की पाच-सहा फेऱ्यांशिवाय काम नीट होत नाही.

नादावरून वाद्य आणि वाद्यावरून माणूस ओळखण्याचा मोह टाळावा. टेलिकास्टर ही एकाच बनावटीची इलेक्ट्रिक गिटार डेट्रॉइटमध्ये मेसिना वाजवत, मेम्फिसमध्ये स्टीव्ह क्रॉपर आणि न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेल डुप्री. शिवाय मोटाऊनमध्ये गिटारी अँप्लिफायरसमोर माइक न ठेवता थेट मिक्सरला जोडत, त्यामुळे वाद्यावाद्यांतला फरक बराच पुसला जातो. त्यापेक्षा वादकाचा हात ऐकावा: तो मात्रेच्या किंचित मागे बसतो का, स्वर कुठे दाबून तोडतो, कोणती जागा रिकामी सोडतो.

मंचावर गायकामागे दिसणारा गिटारवादक स्टुडिओतही होता, असे गृहीत धरू नये. मिरॅकल्स या गायकगटाचे मार्व टारप्लिन दोन्हीकडे वाजवत, पण ते अपवाद होते.

वादक संघटनेच्या सत्रांचे करारनामे मिळाले, तर ते मोलाचे असतात; मात्र त्यांवरची तारीख आणि कामाचे स्वरूप आधी पाहावे. व्हायोलिनचा ताफा नंतर वेगळ्या दिवशी बोलावलेला असेल, तर त्या दिवसाच्या कागदावर गिटारवादकाचे नाव नसणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून तो त्या गाण्यात नव्हताच, असा निष्कर्ष काढता येत नाही. आपल्या नोंदीत कागदावरून कळलेले नाव, वादकाने स्वतः सांगितलेले नाव आणि केवळ कानाने ठरवलेले नाव वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे, आणि तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक नावापुढे ‘बहुधा’ हा शब्द न चुकता ठेवावा.