परसातल्या रातांब्यांचा धंदा: कसा सुरू करायचा आणि कुठे कुठे आपटायचं नाही

मुंबईतली नोकरी सोडून कुडाळकडे घरी आलो तेव्हा डोक्यात नुसत्या मोठ्या मोठ्या आयडिया होत्या, होमस्टे काय, आंब्याचं ॲप काय. आणि परसात चार कोकमाची झाडं, खाली रातांब्यांचा म्हणजे कोकमाच्या फळांचा लालभडक सडा पडलेला, त्यावर माश्या. हेच विकूया म्हटलं तर आई हसायलाच लागली. "रातांबे कोण इकत घेता रे? परसात पडान सडतत ते."

तर पहिला अडथळा हाच, जे फुकट पडतं त्याला किंमत नसते असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलंय. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 साली जीआय मानांकन (अमुक भागाचाच खास माल अशी सरकारी नोंद) मिळालं, हे आमच्या वाडीत निम्म्या लोकांना माहीतच नाही. त्यामुळे उगाच मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघत बसू नका, एक वजनकाटा आणि एक शंभर पानी वही आणा, तिथूनच डोकं बदलायला लागतं, निदान माझं तरी तसंच बदललं.

वहीत काय लिहायचं ते सांगतो. मी पहिल्या वर्षी आमसुलं 250 रुपये किलोने विकली आणि खूश होतो. दुसऱ्या वर्षी एका घाण्याचा सगळा हिशोब लिहिला. रातांबे 10 किलो, कोरडी आमसुलं निघाली 1 किलो 350 ग्रॅम. फोडायला दोघी जणी दीड तास म्हणजे तीन तास झाले, मग पाच दिवस रोज पुट द्यायला (सालं रसात बुडवून परत वाळत घालायला) आणि उलथायला अर्धा-पाऊण तास, ते अजून तीन. सहा तासांची मजुरी 50 रुपये तासाने धरली तर 300, म्हणजे किलोला नुसती मजुरीच सव्वादोनशेच्या घरात! वर मीठ, पिशवी, लेबल. म्हणजे मी वर्षभर आईची आणि काकीची मेहनत फुकट वाटत होतो आणि त्याला धंदा म्हणत होतो. त्यातून एक गोष्ट कळली की फोडायचा वेळ मालाच्या हिशोबाने वाढतो पण पुट द्यायचा वेळ तेवढा वाढत नाही, 50 किलो एकदम घेतले तर रोजचा अर्ध्या तासाचा फार तर तास-दीड तास होतो. तेव्हापासून शेजारच्या दोन घरांचे रातांबे विकत घेऊन मोठाच घाणा लावतो, आणि भाव वही बघून ठरवतो, बाजार बघून नाही.

आता करायचं कसं. रातांबे पूर्ण पिकलेले, गडद लाल घ्या, अर्धे कच्चे घेतले तर आमसुलं फिकट येतात. धुवून दोन फाका करा, बिया आणि गर वेगळा काढा, गरात मीठ घाला म्हणजे रस सुटतो. सालं उन्हात घालायची, मग त्या रसात बुडवून परत उन्हात, असं चार-पाच वेळा. यालाच पुट देणं म्हणतात आणि यातच सगळी चव आहे, दोन पुटांत काम उरकलेली आमसुलं सोलकढीत टाकली की लगेच कळतात. भांडं स्टीलचं, काचेचं नाहीतर फूडग्रेड प्लास्टिकचं घ्या, ॲल्युमिनियम किंवा लोखंड अजिबात नको, कोकमात आम्ल जबरदस्त असतं. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, तो तर त्याहून सोपा, सालांना मीठ लावून बरणीत ठेवायचं, आठवडाभर रोज ढवळायचं आणि गाळायचं. आमच्याकडे किलोला दीडशे ग्रॅम मीठ घालतात, तुमच्याकडे वेगळं असेल तर तुमच्या घरच्या बाईचं ऐका, माझं नको.

खरी भानगड पावसाची. फळ पिकतं एप्रिल-मेमध्ये आणि वळवाच्या दोन सरी आल्या की खळ्यातलं सगळं वाळवण भिजतं. मी बांबूची चौकट करून त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक ताणलं, आत जाळीच्या ट्रे, दोन्ही टोकांना हवा जायला जागा. दिसतं अगदी कोंबड्यांच्या खुराड्यासारखं पण पाऊस आला तरी धावपळ नाही, धूळ नाही, माश्या नाहीत. टेक्नॉलॉजी म्हणजे काहीतरी लाखाची मशीन असं डोक्यातनं काढा.

दुसरी टेक्नॉलॉजी हातात मावते, तिचं नाव रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे साखरेचं प्रमाण मोजायची छोटी नळी, आणि ती मी ठेच खाऊन घेतली. अमृत कोकम म्हणजे कोकमाचं गोड सिरप करताना साखर अंदाजाने घातली होती, म्हटलं जरा कमीच बरी, हेल्दी. 40 बाटल्या पाठवल्या. पंधरा दिवसांनी पुण्याहून एका ताईंचा फोन, "दादा, बाटलीचं झाकण उडालं आणि आमचा पांढरा सोफा जांभळा झालाय." सरबत आंबलं होतं! पैसे परत दिले, वर आमसुलं पाठवली, सोफ्याचं काही करता आलं नाही. सिरप टिकायचं तर ब्रिक्स (साखरेच्या प्रमाणाचं माप) 65 च्या वर पाहिजे, माझं नंतर मोजलं तर 57. आता काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, निळ्या-पांढऱ्याची रेघ कुठे येते ते बघायचं आणि मगच बाटली भरायची. आई आधी म्हणायची ह्या काय खुळ्यासारख्या करतंस, आता तीच पहिली डोळा लावते.

बिया फेकू नका, हे मुद्दाम वेगळं सांगतोय कारण आम्ही वर्षानुवर्षं उकिरड्यावर टाकल्या. बियांमध्ये साधारण पाव हिस्सा तेल असतं, तेच आपलं मुठेल, टाचांच्या भेगांना आजी लावायची ते. कॉस्मेटिकवाले त्यालाच कोकम बटर म्हणतात. तुम्हाला तेल काढायचं नसेल तरी बिया धुवून खडखडीत वाळवून विकता येतात, जरा ओल राहिली की बुरशी धरली म्हणून समजा.

विकायला व्हॉट्सॲप आणि क्यूआर कोड पुरे, वेबसाइटची घाई करू नका. आमच्याकडे तर रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर जावं लागतं, तिथे उभा राहून ऑर्डरी घेतो. फोटोपेक्षा पुट देतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ जास्त माल विकतो, कारण लोकांचा पहिला प्रश्न रंग घातलाय का हाच असतो. लहान धंद्याला अन्न परवान्याचं साधं रजिस्ट्रेशन चालतं, ते करून 14 आकडी नंबर लेबलवर टाका. वजन घटतं, शुगर जाते असलं काही लिहू नका, लोक सांगतील लिही म्हणून, तरी नको. कर्ज काढून मशीन घ्यायची असेल तर केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना 2020 साली आली, त्यात 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान ठेवलंय, सध्या अर्ज घेतायत का ते तालुका कृषी कार्यालयात विचारून मगच बँकेत जा.

आणि धंदा चालला की झाडं कमी पडणार. बी लावून झाड करू नका, कोकमात नर झाड वेगळं आणि मादी वेगळं, बियांपासून आलेल्यांतली जवळपास निम्मी नर निघतात आणि हे कळायला सात-आठ वर्षं जातात. माझ्या काकांनी असे सहा नर पोसले, सावली छान आहे. मादी झाडाचं मृदुकाष्ठ कलम (कोवळ्या फांदीचं कलम) घ्या, चार-पाच वर्षांत फळ धरतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण अमृता जात त्यासाठीच चांगली, सोबत एखाद-दुसरा नर असू द्या. कलमं पावसाच्या सुरुवातीला लावायची पण नर्सरीत नाव मे महिन्यातच लिहून ठेवा, जूनमध्ये गेलात तर लोकांनी निवडून उरलेलीच गळ्यात पडतात.